तिशीतली आई : सुलोचनादीदींच्या १९५९ च्या निर्णयाचा अभ्यास

प्रकरण थोडक्यात असं. १९५९ साल. सुलोचना लाटकर हे मराठी पडद्यावरचं पहिल्या फळीतल्या नायिकेचं नाव. दिग्दर्शक बिमल रॉय त्यांना ‘सुजाता’ या हिंदी चित्रपटासाठी विचारतात, पण भूमिका नायिकेची नसते. नायिका नूतन, तिच्यासोबत शशिकला, आणि दीदींनी करायची ती या दोघींची आई. दीदींचा जन्म १९२८ चा, शशिकलांचा १९३२ चा आणि नूतन यांचा १९३६ चा. म्हणजे एक ‘मुलगी’ चार वर्षांनी लहान, दुसरी आठ वर्षांनी. होकार द्यायचा की नाही?

दीदींनी होकार दिला. पुढची तीन दशकं त्या हिंदी आणि मराठी पडद्यावरची आई झाल्या. हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे कोल्हापुरात ही गोष्ट दोनच तऱ्हांनी सांगितली जाते. कुणी म्हणतं, वय झालं म्हणून आईच्या भूमिकांकडे वळल्या. कुणी म्हणतं, केवढा मोठा त्याग! दोन्ही मला पटत नाहीत. तिशीतल्या बाईचं वय झालं म्हणायचं तर कुणाच्या हिशेबानं म्हणायचं? आणि त्याग म्हटलं की बाईनं केलेला विचार झाकला जातो, नुसती भावना उरते. माझ्या मते तो एका जाणत्या कलावंताचा व्यावसायिक निर्णय होता, आणि तो घेण्याची तयारी दीदींची कोल्हापुरातच झाली होती. ते कसं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

कंपनीची शाळा

खडकलाट हे दीदींचं गाव, निपाणीजवळचं, चिकोडी तालुक्यातलं. आज ते कर्नाटकात आहे, पण बोली आणि बाजारहाट यांच्या दृष्टीनं कोल्हापूरच्या पंखाखालचंच. लाटकर हे आडनाव तिथून आलं. लहान वयात लग्न झालं, सासर कोल्हापूरचं. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स तेव्हा कोल्हापुरात होती. तिथे त्यांना पहिलं काम मिळालं, ‘चिमुकला संसार’ (१९४३) मधलं. भूमिका अगदी छोटी. त्याच कंपनीत आणि त्याच चित्रपटात वडिलांमागे घर चालवण्यासाठी कामाला लागलेली आणखी एक मुलगी होती, लता मंगेशकर. दीदींची बोली खेड्यातली. त्यावरून कंपनीत त्यांची चेष्टा व्हायची.

प्रफुल्ल मुंबईला हलली तेव्हा दीदी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. सुलोचना हे नाव भालजींनी दिलेलं. जयप्रभात सगळे भालजींना ‘बाबा’ म्हणत. बाबांच्या ऐतिहासिक चित्रपटांना घोड्यावर बसणारी, हातात तलवार धरता येणारी माणसं लागत, आणि ते शिक्षण स्टुडिओच्या आवारातच मिळे. दीदीही तिथेच शिकल्या. उच्चार घासूनपुसून घेतले ते तिथेच. १९४६ च्या ‘सासुरवास’मध्ये त्या नायिका झाल्या.

कंपनी चालायची कशी, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा उलगडा त्यात आहे. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हापासून कोल्हापुरात सिनेमा हा महिन्याच्या पगारावरचा कारखाना होता. नट, रंगारी, सुतार, शिंपी, कॅमेऱ्यामागचे लोक, सगळे नोकर. सकाळी हजर व्हायचं आणि पडेल ते काम करायचं. पुढे १९२९ मध्ये इथेच सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात याच रीतीची, कोल्हापूर सिनेटोन आणि जयप्रभाही त्याच रीतीचे. या चित्रात प्रमुख असलेला नट पुढच्या चित्रात दोन प्रवेशांपुरता येई, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. भूमिका कंपनीची आणि नट भूमिकेचा, असा तो हिशेब.

‘नायिका’ हा दर्जा, जो एकदा मिळाला की सोडायचा नसतो, ही कल्पना त्या हिशेबात बसत नव्हती. ती आली नंतर, कंपन्या मोडल्यावर, जेव्हा प्रत्येक चित्रपटाचा वेगळा करार होऊ लागला आणि नटाची किंमत बाजार ठरवू लागला.

दीदींची कंपनी तर एका रात्रीत मोडली असं म्हटलं तरी चालेल. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा पेटवला गेला. ‘मीठभाकर’ त्यात जळाला. भालजींनी कर्ज काढून तो पुन्हा उभा केला आणि १९४९ मध्ये तो पडद्यावर आला. ही गोष्ट कोल्हापुरात अभिमानानं सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. पण स्टुडिओ जळाला तेव्हा तिथल्या पगारी माणसांचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. दीदींना पुण्याची वाट धरावी लागली. मंगल पिक्चर्सचा आणि राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला ‘जिवाचा सखा’ (१९४८) हा त्यांचा तिथला महत्त्वाचा चित्रपट. म्हणजे विसाव्या वर्षी या बाईनं एका मोठ्या घराचं छप्पर उडालेलं पाहिलं होतं. काम टिकवणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

आई १९५९ च्या आधीच आली होती

‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३) बघितल्याशिवाय हे प्रकरण कुणी सोडवू नये. य. गो. जोशी यांची कथा आणि शांताराम आठवले यांचं दिग्दर्शन. दीदी तेव्हा पंचविशीच्या. नावाला वहिनी, पण धाकट्या दिराला लहानाचं मोठं करणारी. तिचा सगळा जीव त्या पोरात. नवरा-बायकोची प्रेमकथा या चित्रपटात जवळजवळ नाहीच. मराठी प्रेक्षकांनी दीदींना डोक्यावर घेतलं ते या मायेसाठी. पुढे हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ (१९६१) आला तेव्हा ही भूमिका मीनाकुमारींनी केली.

याचा अर्थ असा की, सुलोचना लाटकर या नायिकेचं भांडवल मुळातच शृंगाराचं नव्हतं. डोळ्यांतली माया, सोसणं आणि त्याखालचा ताठ कणा हे त्यांचं भांडवल. हे वयासोबत उतरणारं सामान नव्हे. बिमल रॉय यांनी जे मागितलं ते दीदी सहा वर्षांपूर्वीच करून बसल्या होत्या.

समोर काय काय होतं

आता १९५९ चा बाजार पाहू. दीदींनी नकार दिला असता तर त्या मराठीत नायिका राहिल्या असत्याच, असं आपण गृहीत धरतो. पण त्याच वर्षी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यातल्या जयश्री गडकर तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर मराठी निर्मात्यांना तमाशापट हवेहवेसे झाले. नायिकेनं घुंगरू बांधून फडावर उभं राहावं, ही मागणी वाढली. घरंदाज, सोसणाऱ्या गृहिणीभोवती फिरणारा चित्रपट बंद पडला नाही, पण पैसा दुसरीकडे वळू लागला. स्वतः दीदीही ‘सांगत्ये ऐका’मध्ये होत्या, पण चित्रपटानंतर बोलबाला झाला तो जयश्रीबाईंचा. बदलता वारा त्यांना फार जवळून दिसला असणार.

मराठी चित्रपटाचं एकूण भांडवलही लहान. वर्षाला निघणारे चित्रपट बोटांवर मोजण्याजोगे, वितरण पुणे-कोल्हापूर-मुंबईच्या पट्ट्यात आणि पैसे उशिरा. हिंदीत नायिका म्हणून शिरणं तिशीत जवळजवळ अशक्य होतं. नर्गिस, मीनाकुमारी, नूतन, वैजयंतीमाला यांचा तो काळ. म्हणजे ‘नायिका की आई’ असा स्वच्छ प्रश्न दीदींपुढे नव्हताच. आकसत जाणारं नायिकापण एका बाजूला आणि न आजमावलेलं मोठं मैदान दुसऱ्या बाजूला, अशी ती निवड होती.

तरी त्या कचरल्या, आणि ते साहजिक होतं. एकदा आई झाली की परतीचा रस्ता नाही, हा चित्रपटधंद्याचा अलिखित नियम. मग त्यांनी सल्ला घेतला तो ललिता पवार आणि दुर्गाबाई खोटे यांचा. या प्रकरणातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट हीच. सल्ला देणाऱ्या दोघी पाहा. ललिताबाई मूकपटांपासूनच्या नायिका. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकापण संपलं. त्यातून त्यांनी चरित्रभूमिकांचं स्वतःचं राज्य उभारलं. दुर्गाबाई १९३२ मध्ये इथेच, कोल्हापुरात, ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामती झाल्या होत्या, आणि १९५९ च्या सुमाराला ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाई. दोघींनी तो उंबरठा ओलांडून पलीकडे वर्षानुवर्षांचं काम आहे हे स्वतः पाहिलेलं. दीदी एखाद्या निर्मात्याकडे किंवा घरातल्या पुरुषाकडे गेल्या असत्या तर काय ऐकायला मिळालं असतं, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. त्या गेल्या, ते त्याच वाटेनं आधी चाललेल्या दोन बायकांकडे. दोघींनी भूमिका घ्यायला सांगितलं. ललिताबाई तर स्वतःच ‘सुजाता’मध्ये होत्या.

भूमिका नेमकी काय होती

‘आईची भूमिका’ म्हणून आपण मोकळे होतो, पण ‘सुजाता’मधली चारू ही नेहमीची आई नव्हे. सुबोध घोष यांची कथा. इंजिनिअर उपेन आणि त्याची बायको चारू यांच्या दारात एक अनाथ तान्ही मुलगी येते. जातीनं अस्पृश्य. दोघं तिला वाढवतात. उपेनला ती पोटच्या पोरीसारखी. चारूचं मात्र कायम अडतं. ती मुलीला खाऊपिऊ घालते, तिच्यावर माया करते, आणि तरी लोकांसमोर तिला आपली मुलगी म्हणून पुढे करत नाही. जात तिच्या मायेच्या आड येते.

आता ही भूमिका नटीच्या बाजूनं बघा. चारू दुष्ट झाली तर चित्रपट कोसळतो, कारण मग प्रश्न एका वाईट बाईचा होतो, समाजाचा राहत नाही. ती फार गोड झाली तरी कोसळतो, कारण मग सुजाताचं दुःख खोटं पडतं. माया आणि विटाळ एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी दिसायला हवेत. सुरुवातीला गीता दत्त यांच्या आवाजातली ‘नन्ही कली सोने चली’ ही अंगाई चारूच्या तोंडी आहे. ती बघताना दीदींच्या चेहऱ्यावर निखळ आईपण आहे, आणि म्हणूनच तेवढंच आईपण दुसऱ्या लेकराला मिळत नाही हे टोचत राहतं. शेवटी चारू जिन्यावरून पडते, तिला रक्त लागतं, आणि ते जुळतं फक्त सुजाताचं. डोळे उघडल्यावर तिच्यात होणारा पालट हा अख्ख्या चित्रपटाचा निकाल आहे. चित्रपट नूतन यांच्या नावावर आहे आणि तो मान त्यांचाच. पण कथेत बदलायचं कुणी असेल तर ते चारूनं. सुजाता पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगलीच आहे.

चित्रपटाला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि १९६० च्या कान महोत्सवात तो स्पर्धेत होता. दीदींनी पत्करली ती ही भूमिका. ती घ्यायला धाडस लागतं, पण तिला पायरी उतरणं म्हणता येत नाही.

नंतरचा हिशेब

त्याच १९५९ मध्ये ‘दिल देके देखो’ आला. त्यात त्या शम्मी कपूर यांच्या आई. शम्मी कपूर त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. हा तर नुसता आरंभ होता. ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) मध्ये दोन मुलगे आहेत, देव आनंद आणि प्राण. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा, प्राण यांचा १९२० चा. आई बेचाळीस वर्षांची, धाकटा सत्तेचाळीसचा, थोरला पन्नासचा. चित्रपट-रसग्रहणाच्या वर्गात मी हे तीन आकडे फळ्यावर लिहितो आणि काही बोलत नाही. मुलींच्या रांगेतून आधी हसू येतं आणि मग ते थांबतं.

कारण हा आकडा दीदींच्या निर्णयाबद्दल कमी आणि धंद्याबद्दल जास्त बोलतो. नायकाचं वय थांबवायचं असेल तर कुणाला तरी त्याच्या वाट्याचं म्हातारपण उचलावं लागतं. हिंदी चित्रपटात ते आईनं उचललं. पांढरी साडी, केसांना लावलेली पांढरी पूड, देवघर, आजारपण, मुलाची वाट बघणं. अडीचशेच्या आसपास हिंदी चित्रपट दीदींच्या नावावर सांगितले जातात. त्यातल्या कितीतरींत त्यांना चार-पाच प्रवेशांपलीकडे काही नव्हतं. चारूसारखी भूमिका पुन्हा क्वचितच आली. हे नुकसान खरं आहे, आणि ज्यांना दीदींबद्दल प्रेम आहे त्यांनीच ते मोकळेपणी बोलायला हवं. ‘कटी पतंग’मधली सासू मला आवडते, कारण तिथे मुलगा गमावलेल्या बाईच्या चेहऱ्यावर परक्या मुलीसाठी माया उमलताना दिसते. पण तीही चौकटीतलीच.

आता मराठीकडे या, आणि इथे हे प्रकरण वळण घेतं. ‘मोलकरीण’ (१९६३) मध्ये आई आहे म्हणूनच चित्रपट आहे. शिकून मोठ्या झालेल्या मुलाच्या घरी आईच मोलकरीण म्हणून राबते. मुलगा रमेश देव. त्यांचा जन्म जानेवारी १९२९ चा, म्हणजे मुलगा आईहून सहा महिन्यांनी लहान! आणि तेही कोल्हापूरच्याच मुशीतले. ‘देव जरी मज कधी भेटला’ या गाण्यात आशाबाईंचा आवाज आणि दीदींचा चेहरा वेगळा काढता येत नाही. पडद्यावर ही आई भांडी घासते तेव्हा दीदींचे हात बघा. त्यात दाखवण्यापुरतं काही नाही. जन्मभर राखुंडी हाताळलेल्या बाईचा तो वेग आहे. कोल्हापुरात, पेठेतल्या बायकांसोबत बसून मी हा चित्रपट बघितला आहे. त्या प्रवेशाला कुणी रडत नाही. रडू येतं ते मुलगा तिला पगार देतो तेव्हा.

‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) साठी दीदी पुन्हा भालजींकडे आल्या, आता जिजाऊ म्हणून. संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लताबाईंचं. प्रफुल्लमधल्या त्या दोन पोरी वीस वर्षांनी बाबांच्या चित्रपटात अशा एकत्र आल्या. जिजाऊ हीसुद्धा आईचीच भूमिका, पण मुलाची वाट बघत बसणारी आई ही नव्हे. मुलाला वाट दाखवणारी. आणि १९६८ चा राजा ठाकूर यांचा ‘एकटी’. मुलगा काशिनाथ घाणेकर. विधवा आई मुलाला शिकवते, मुलगा दूर जातो, आणि उरते ती. या चित्रपटाची नायिका कोण, असं विचारलं तर उत्तर एकच आहे.

या प्रकरणातून मला जे दिसतं ते असं : १९५९ चा निर्णय एकच, पण त्यातून दोन कारकिर्दी निघाल्या. हिंदीत दीदी नायकाच्या आई झाल्या. मराठीत आई असूनही नायिका राहिल्या. भूमिका तीच, वय तेच, नटी तीच. फरक होता तो कथा कुणाभोवती बांधली जाते यात. मराठी चित्रपटाकडे पैसा नव्हता, परदेशातलं चित्रीकरण नव्हतं, म्हणून त्याला घरातल्या माणसांवरच चित्रपट उभा करावा लागे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण प्रेक्षक. दुपारच्या खेळाला येणाऱ्या बायकांचा मराठी चित्रपटाला मोठा आधार होता, आणि त्यांना पडद्यावर स्वतःचं आयुष्य बघायचं होतं. शिवाय हिंदीतल्या नियमित कामामुळे दीदींना मराठीत निवड करता आली असावी, असं मला वाटतं. चारू पत्करली नसती तर ‘एकटी’ त्यांच्याकडे आली असती का, याचा विचार करून बघावा.

पुढचे मानसन्मान सगळ्यांना ठाऊक आहेत. १९९९ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये फिल्मफेअरचा जीवनगौरव, २००९ चा महाराष्ट्रभूषण. ४ जून २०२३ ला मुंबईत त्या गेल्या, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्यासमोरून आपण रोज जातो. या शहरानं सिनेमाला यंत्र दिलं, दिग्दर्शक दिले, याचा अभिमान आपल्याला आहेच. पण १९२० च्या ‘सैरंध्री’त बाबूरावांनी प्रत्यक्ष स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, त्या बायकांनी लोकनिंदा सोसली, आणि त्यांच्या मागून दीदींपर्यंत एक रांग तयार झाली. तिचा अभ्यास व्हायचा राहिला आहे. कुणी किती पगारावर काम केलं, कुणाचं काम कोणत्या वयात थांबलं, थांबल्यावर तिनं काय केलं. जुन्या पेठांतल्या घरांतून अजून करारपत्रं, फोटो, पावत्या सापडतील. त्या रद्दीत जाण्याआधी गोळा करायला हव्यात.

ज्यांना हे प्रकरण वर्गात किंवा मंडळात चर्चेला घ्यायचं आहे त्यांनी जोडीला ‘धग’ दाखवावा. त्यातल्या कामासाठी कोल्हापूरच्या उषा जाधव यांना २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मशानात राबणाऱ्या घरातली बाई, आणि आपल्या मुलानं ते काम करू नये म्हणून झगडणारी आई. उषाताईंनी ही भूमिका तरुण वयात केली. ‘एकटी’नंतर चव्वेचाळीस वर्षांनी मराठी चित्रपटाची नायिका पुन्हा एक आई आहे. दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात दाखवा. आधी मुलींना बोलू द्या, मग मुलांना.